हातब्रेक : शेवटचा आधार, दुर्लक्षित दुवा

२५ फेब्रुवारी २०२४. रविवारची सकाळ. जम्मू-काश्मीरमधील कठुआ स्थानकात उभी असलेली, खडी भरलेल्या ५३ वाघिणींची एक मालगाडी आपोआप चालू लागली. डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये ना चालक होता, ना सहायक चालक. उताराने तिला वेग दिला आणि थेट पंजाबात शिरून तिने पठाणकोटही ओलांडले. मार्गावरील फाटके घाईघाईने बंद करण्यात आली, पुढचा मार्ग मोकळा करण्यात आला. अखेर होशियारपूर जिल्ह्यातील ऊंची बस्सी येथे रुळांवर लाकडी ओंडके आणि वाळूच्या गोण्या टाकून ती थांबविण्यात आली. तोपर्यंत तिने सुमारे ७० किलोमीटरचे अंतर कापले होते. जीवितहानी झाली नाही, हे सुदैवच म्हणावे लागेल. समोरून एखादी प्रवासी गाडी आली असती, तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

अशा घटनांनंतर जे नेहमी होते, तेच याही वेळी झाले. धडधडत जाणाऱ्या गाडीची चित्रफीत देशभर फिरली, थट्टा झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि विषय मागे पडला. मात्र मूळ प्रश्न तसाच राहिला. हजारो टन वजनाची उभी गाडी मुळात जागेवर राहते, ती कशाच्या बळावर? चालक इंजिनातून उतरल्यानंतर तिला धरून ठेवणारी वस्तू कोणती? या प्रश्नाचे उत्तर आहे हातब्रेक. एक लोखंडी चाक किंवा दांडा, त्याला जोडलेली साखळी आणि ती साखळी मागे सरकू न देणारी एक खुंटी. रेल्वेच्या संपूर्ण सुरक्षायंत्रणेत याहून साधी वस्तू नसेल आणि याहून कमी चर्चा झालेली वस्तूही नसेल. जुन्या डिझेल इंजिनांवर तर ही व्यवस्था आजही बव्हंशी वाफेच्या इंजिनांच्या काळातील तत्त्वावरच उभी आहे.

हवा आणि हात

हातब्रेकचे महत्त्व समजण्यासाठी आधी हवेचा ब्रेक समजून घ्यावा लागतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १८७२ मध्ये त्याला 'स्वयंचलित' रूप दिले. त्यामागील कल्पना आजही तीच आहे. गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक नळी जाते. तिच्यातील हवेचा दाब कायम असतो, तोवर ब्रेक सुटलेले असतात. दाब कमी झाला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठविलेली हवा सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. गाडी मध्येच तुटली, तरी नळीतील हवा निघून जाते आणि दोन्ही तुकडे जागीच थांबतात. ही रचना इतकी यशस्वी ठरली, की आजही जगभरातील मालगाड्या तिच्यावरच चालतात.

याशिवाय इंजिनाचा स्वतःचा एक स्वतंत्र ब्रेक असतो. तो फक्त इंजिनाच्या चाकांवर लागतो. त्याची हवा इंजिनावरील कॉम्प्रेसरकडून भरल्या जाणाऱ्या मुख्य टाकीतून येते. इंजिन चालू आहे तोवर जी हवा गळते, ती भरून निघते. इंजिन बंद पडले, की गळती चालूच राहते. भरणारे मात्र कोणी नसते.

नेमका येथेच धोका दडलेला आहे. हवा ही साठवून ठेवता येते, पण कायमची कोंडून ठेवता येत नाही. जोडांमधील रबर झिजते, थंडीत आकसते, झडपा कुरकुरतात. काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, सिलिंडरमधील दाब उतरू लागतो आणि ठोकळ्यांची पकड सैल होते. धावत्या गाडीला थांबविण्यासाठी हवेच्या ब्रेकइतके प्रभावी साधन दुसरे नाही; परंतु उभ्या गाडीला बेवारस सोडताना त्याच्यावर विसंबणे म्हणजे छिद्र असलेल्या घागरीवर विसंबण्यासारखे आहे. म्हणूनच जगातील सर्व रेल्वे संस्थांच्या नियमांत एक समान सूत्र आढळते. गाडी सोडून जायचे असेल, तर ती हवेवर नव्हे, लोखंडावर सोडावी.

चाक, साखळी आणि खुंटी

जुन्या डिझेल इंजिनांवरील हातब्रेकची रचना वरकरणी अगदी सोपी आहे. केबिनमध्ये अथवा इंजिनाच्या बाहेरील अंगाला एक हातचाक किंवा मागेपुढे हलविण्याचा दांडा असतो. तो फिरविला, की दातेरी चक्रांमार्फत एक साखळी गुंडाळली जाते. साखळी एका कोनात वळणाऱ्या तरफेला ओढते आणि ती तरफ बोगीवरील ब्रेकच्या दांड्यांना. दांडे ठोकळ्यांना चाकावर दाबतात. प्रत्येक पावलागणिक एक खुंटी दातेरी चक्रात अडकत जाते. त्यामुळे हात काढला, तरी साखळी सैल होत नाही. सोडताना ती खुंटी उचलायची, की सारा ताण एकदम सुटतो.

आता बारकावे पाहू. सहा आसांच्या इंजिनाला बारा चाके असतात. हवेचा ब्रेक त्या सर्व चाकांना धरतो. हातब्रेकची साखळी मात्र सर्व चाकांपर्यंत पोहोचत नाही. दोन स्वतंत्रपणे वळणाऱ्या बोगींच्या सर्व चाकांपर्यंत साखळ्या आणि तरफा नेणे किचकट आणि खर्चाचे असते. त्यामुळे बहुतेक जुन्या इंजिनांत हातब्रेक एकाच बोगीच्या थोड्याशा चाकांवर काम करतो. शंभर-सव्वाशे टनांचे इंजिन एकटेच उभे असेल आणि उतार सौम्य असेल, तर एवढी पकड पुरते. मूळ आराखडा करणाऱ्यांच्या नजरेसमोर हीच स्थिती होती. शेडमध्ये किंवा यार्डात उभे असलेले इंजिन स्वतःच्या वजनाने घरंगळू नये, इतकीच त्या ब्रेककडून अपेक्षा होती. मागे जोडलेल्या हजारो टनांच्या गाडीला त्याने धरून ठेवावे, असे त्यांनी कधीच गृहीत धरले नव्हते.

दुसरा बारकावा मानवी हाताचा. हातब्रेकने किती जोर लागतो, हे चाक पिळणाऱ्याच्या दंडातील ताकदीवर अवलंबून असते. साखळीला किती ढील आहे, सांध्यांना वंगण आहे की गंज, ठोकळे नवे आहेत की झिजलेले, यावरही ते ठरते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, चाकाजवळ कोणताही मापक नसतो. मोटारीच्या चाकातील हवा मोजता येते, इंजिनातील तेलाची पातळी पाहता येते. मात्र हातब्रेकचा ठोकळा चाकावर नेमका किती टनांनी दाबला गेला आहे, हे सांगणारा काटा जुन्या इंजिनावरही नाही आणि वाघिणीवरही नाही. 'घट्ट लागला' हा एक अंदाज असतो.

तिसरा बारकावा त्याहून फसवा आहे. हवेचा ब्रेक लागलेला असताना हातचाक फिरविले, तर ठोकळे आधीच चाकाला टेकलेले असतात. हात आणि हवा अशा दोहोंची पकड तेव्हा एकत्र असते. त्या स्थितीत गाडी हलते का, हे तपासले, तर ती हलणार नाहीच. पण न हलण्याचे श्रेय हाताचे की हवेचे, हे त्यातून कळत नाही. म्हणूनच हातब्रेकची खरी परीक्षा हवा पूर्ण सोडून, मग इंजिनाने गाडीला हलकासा धक्का देऊनच करावी लागते. ही परीक्षा दहा-पंधरा मिनिटांची. ती चुकविली, तर काय होते, हे कॅनडातील एका छोट्या गावाने पाहिले.

नांतची टेकडी, लाक-मेगांतिकचे गाव

५ जुलै २०१३ च्या रात्री क्वेबेक प्रांतातील नांत येथे 'मॉन्ट्रियल, मेन अँड अटलांटिक' या कंपनीची एक मालगाडी मुख्य मार्गावर उभी करण्यात आली. तिला पाच इंजिने होती आणि मागे कच्च्या तेलाने भरलेल्या ७२ टाक्या. गाडीवर चालक एकटाच होता. एकाच कर्मचाऱ्यावर गाडी चालविण्याची मुभा कंपनीला मिळालेली होती. नांतहून पुढे रूळ उतरत जातात. सुमारे अकरा किलोमीटरवर, उताराच्या पायथ्याशी, लाक-मेगांतिक हे गाव.

चालकाने सात हातब्रेक लावले. त्यांपैकी पाच इंजिनांवरचे होते, म्हणजे प्रत्येकी मोजक्याच चाकांना धरणारे. उरलेले दोन इंजिनांमागील डब्यांवरचे. तेलाच्या एकाही टाकीचा हातब्रेक लावलेला नव्हता. नंतर त्याने पकड तपासली, पण इंजिनांचा हवेचा ब्रेक लागलेला असतानाच. गाडी हलली नाही. पुढचे इंजिन चालू ठेवून तो विश्रांतीसाठी निघून गेला.

हे पुढचे इंजिन १९७९ साली बांधलेले, 'सी ३०-७' या जातीचे, म्हणजे तेव्हा ३४ वर्षांचे होते. काही महिन्यांपूर्वी त्याची दुरुस्ती अयोग्य पदार्थ वापरून करण्यात आली होती. त्या रात्री त्याला आग लागली. अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी नियमाप्रमाणे इंजिन बंद करून आग विझविली. कंपनीचा एक कर्मचारी येऊन पाहून गेला. मात्र गाडीच्या ब्रेकची जाण असलेले त्या वेळी तेथे कोणी नव्हते. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. हवा गळू लागली. मुख्य नळीतील दाबही उतरत होता, पण इतक्या संथ गतीने, की डब्यांवरील स्वयंचलित ब्रेक लागलेच नाहीत. इंजिनात बिघाड झाल्यास आपोआप ब्रेक लावणारी जी यंत्रणा असते, तीही या इंजिनावर तशा पद्धतीने जोडलेली नव्हती.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास गाडी हलली. गावात शिरताना तिचा वेग ताशी १०४ किलोमीटर होता. ६३ टाक्या रुळांवरून घसरल्या, सुमारे साठ लाख लिटर तेल सांडले आणि पेटले. गावाच्या मध्यवस्तीतील ४७ माणसे मरण पावली.

कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने ऑगस्ट २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात एक नव्हे, तर अठरा कारणे नोंदविलेली आहेत. हातब्रेकविषयीचा त्यातील निष्कर्ष स्पष्ट आहे. त्या उतारावर ती गाडी निव्वळ हातब्रेकवर रोखण्यासाठी, ते किती घट्ट लावले जातात त्यानुसार, १७ ते २६ हातब्रेक लागले असते. लावलेले होते सात. कंपनीच्या स्वतःच्या नियमानुसारही नऊ आवश्यक होते. आणि येथेच खरी मेख आहे. चालकाने नियम काटेकोरपणे पाळून नऊ हातब्रेक लावले असते, तरीही ते अपुरेच पडले असते.

संख्या की जोर?

हा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहण्याजोगा आहे. उतारावर उभ्या असलेल्या गाडीला खाली ओढणारा जोर साध्या हिशेबाने काढता येतो. शंभर मीटरला एक मीटर, म्हणजे एक टक्का उतार असेल, तर पाच हजार टनांच्या गाडीला सुमारे पन्नास टनांचा जोर खाली खेचत असतो. चाकांचा स्वाभाविक अडथळा त्यातून थोडा वजा होतो. उतार दोन टक्के झाला, की हा जोर दुप्पट होतो. गाडीचे वजन दुप्पट झाले, तरी तो दुप्पट होतो. याउलट हातब्रेकची पकड उतार पाहून वाढत नाही. ती पिळणाऱ्याच्या हातावर आणि ठोकळ्यांच्या स्थितीवर ठरते.

अनेक रेल्वे कंपन्यांचे जुने नियम मात्र डब्यांची संख्या मोजून हातब्रेकची संख्या सांगत. इतके डबे, इतके ब्रेक. त्यात उताराचा विचार जेमतेम असे आणि जोराचा तर नसेच. सपाट प्रदेशात, लहान गाड्यांच्या काळात हा ठोकताळा चालून गेला. पुढे गाड्या लांबत गेल्या, वाघिणी जड झाल्या, कर्मचारी कमी झाले. नियम मात्र तसाच राहिला. लाक-मेगांतिकनंतर कॅनडाने उतार आणि वजन यांनुसार किमान हातब्रेकचे कोष्टक घालून दिले, त्यांची पकड तपासणे बंधनकारक केले आणि धोकादायक मालाच्या गाड्यांवर एकट्या कर्मचाऱ्याने काम करण्यास मनाई केली. अमेरिकेने त्याआधीच नव्या इंजिनांसाठी एक मापदंड घातला होता. ऑगस्ट २००४ पासून प्रथमच सेवेत येणाऱ्या इंजिनाचा हातब्रेक त्या इंजिनाला तीन टक्के उतारावर रोखून धरण्याइतका समर्थ असलाच पाहिजे. परंतु यातही दोन मर्यादा आहेत. हा मापदंड एकट्या इंजिनापुरता आहे, गाडीपुरता नाही. शिवाय तो नव्या इंजिनांना लागू आहे. इंजिनांचे आयुष्य मात्र चाळीस-पन्नास वर्षांचे असते.

चौकशीचा रोख व्यक्तीवर ठेवायचा की व्यवस्थेवर, हाही प्रश्न याच प्रकरणात पुढे आला. चालकासह तिघा कर्मचाऱ्यांवर फौजदारी निष्काळजीपणाचा खटला भरण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये ज्युरीने तिघांनाही त्या आरोपातून निर्दोष ठरविले. चालकाने चूक केली, हे त्याच्या वकिलांनीही नाकारले नाही. परंतु ४७ मृत्यूंचा सारा भार सात आणि सतरा यांमधील फरकावर, आणि तोही एकट्या माणसाच्या माथी टाकावा, हे ज्युरीला पटले नाही. कंपनीने तोवर दिवाळखोरी पत्करली होती.

पुन्हा तीच गोष्ट

यातून जग शहाणे झाले, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ४ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे कॅनडातच, रॉकी पर्वतातील फील्ड गावाजवळ, धान्याच्या ११२ वाघिणींची गाडी सुमारे दोन टक्क्यांहून अधिक उतारावर आणीबाणीचा ब्रेक लावून थांबविण्यात आली होती. तापमान उणे २८ अंशांच्या आसपास. कर्मचाऱ्यांची पाळी बदलेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले. त्या थंडीत सिलिंडरमधील हवा गळत राहिली आणि गाडी आपोआप सुटली. ९९ वाघिणी आणि दोन इंजिने घसरली, तिघे कर्मचारी ठार झाले. त्या गाडीचे हातब्रेक लावलेले नव्हते. तत्कालीन नियमांनुसार त्या परिस्थितीत ते लावणे सक्तीचे नव्हते. काही दिवसांतच ते सक्तीचे करण्यात आले. सुरक्षा मंडळाने २०२२ मध्ये त्यापुढे जाऊन, मालगाड्यांना स्वयंचलित पार्किंग ब्रेक बसवावेत, अशी शिफारस केली. हवा गेली, की आपोआप लागणारा आणि माणसाच्या हाताची वाट न पाहणारा ब्रेक, असा त्याचा अर्थ.

त्याआधी काही महिने, ५ नोव्हेंबर २०१८ रोजी, पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजाच्या २६८ वाघिणींची गाडी चालक तपासणीसाठी खाली उतरला असताना निघून गेली. ती सुमारे ९२ किलोमीटर धावली आणि शेवटी नियंत्रण केंद्रातून मुद्दाम रुळांवरून उतरविण्यात आली. त्या गाडीवर विद्युत-नियंत्रित आधुनिक ब्रेक होते. ते तासाभराने आपोआप सुटले. बॅटरी वाचविण्यासाठी यंत्रणेची रचनाच तशी होती. तंत्रज्ञान नवे आले म्हणून जुना लोखंडी आधार निरुपयोगी होत नाही, हाच या घटनेचा धडा होय.

घाट जाणणारा महाराष्ट्र

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. भोर घाट आणि थळ घाट या दोन्ही ठिकाणी रेल्वेमार्गाचा उतार ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के आहे. नांतच्या उताराच्या दुपटीहूनही तो अधिक. भोर घाटात पूर्वी खंडाळ्याजवळ गाडीची दिशा बदलण्याचे जे स्थानक होते, तेथे जानेवारी १८६९ मध्ये ब्रेक न लागल्याने एक मेल गाडी पुढे जाऊन कोसळली होती. वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेच हे वर्ष.

त्या काळापासून घाटाने रेल्वेला जे शिकविले, ते आजही पाळले जाते. घाट उतरण्यापूर्वी ब्रेकची तपासणी होते, वेगावर कडक मर्यादा असते आणि उतारावर ठिकठिकाणी 'कॅच सायडिंग' आहेत. उतरणारी गाडी ताब्यात नसेल, तर तिला चढाच्या आडमार्गावर वळवून थोपविण्याची ही सोय. या व्यवस्थेमागील विचार मोलाचा आहे. ब्रेक निकामी होऊ शकतो, माणूस चुकू शकतो, हे तिने आधीच मान्य केले आहे. दोन्ही चुकले तरी गाडी थांबली पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. कठुआ किंवा नांत येथे नेमका हाच तिसरा आधार नव्हता.

नेरळ-माथेरान मार्गाची कथा आणखी बोलकी आहे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या अरुंद मार्गावर काही ठिकाणी उतार २० मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. वाफेची इंजिने गेली, डिझेल इंजिने आली; परंतु डब्यांवर बसून इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हातचाक फिरविणारे ब्रेकमन अनेक दशके कायम राहिले. मुंबईकर पर्यटकांच्या कित्येक पिढ्यांनी त्यांना पाहिले आहे. २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर ही गाडी बंद ठेवण्यात आली आणि ती पुन्हा सुरू करताना डब्यांना हवेचे ब्रेक बसविण्यात आले. ही सुधारणा आवश्यकच होती. पण त्या ब्रेकमनच्या कामातील एक गोष्ट विसरता कामा नये. प्रत्येक डब्याच्या ब्रेकला तेथे एक जबाबदार हात होता आणि तो हात रोज तेच चाक फिरवीत असल्याने त्याची पकड कोठे सैल आहे, हे त्याला ठाऊक होते. आजच्या मालगाडीत पन्नासहून अधिक वाघिणींची हातचाके आहेत. रोजच्या ओळखीचा हात मात्र एकालाही नाही.

जुनी इंजिने कोठे जातात?

भारतीय रेल्वेवर डिझेल युगाची खरी सुरुवात झाली, ती १९६२ मध्ये अमेरिकेतील 'अल्को' कंपनीकडून आलेल्या 'डब्ल्यूडीएम-२' इंजिनांपासून. १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. २६०० अश्वशक्तीच्या, सहा आसांच्या या इंजिनांनी आणि त्यांच्या सुधारित भावंडांनी देशाची मालवाहतूक चार-पाच दशके ओढली. कल्याण आणि पुणे येथील शेडमध्ये त्यांची देखभाल होत असे. आता ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाले आहे आणि ही इंजिने मुख्य प्रवाहातून बाजूला झाली आहेत.

बाजूला होणे म्हणजे संपणे नव्हे. जुनी डिझेल इंजिने यार्डातील डबे हलविण्यासाठी, दुरुस्तीच्या आणि खडीच्या गाड्यांसाठी वापरली जातात. काही शेजारी देशांकडे जातात. भारताने बांगलादेशाला २०२० मध्ये १० आणि २०२३ मध्ये २० डिझेल इंजिने दिली. म्हणजे इंजिन जसजसे जुने होते, तसतसे ते उभे राहण्याचे, सोडून दिले जाण्याचे प्रसंग वाढत जातात. तरुणपणी ते धावत असते, तेव्हा हवेचा ब्रेक त्याची काळजी घेतो. म्हातारपणी ते उभे असते आणि तेव्हा सारी भिस्त असते गंजलेल्या साखळीवर. देखभालीचा पैसा मात्र धावणाऱ्या इंजिनांकडे आधी वळतो. लाक-मेगांतिकच्या गाडीवरील ३४ वर्षांचे इंजिन हे या उलट्या हिशेबाचेच फळ होते.

नव्या इंजिनांत चित्र वेगळे आहे. 'डब्ल्यूएजी-९' सारख्या विजेच्या इंजिनांत काही ठरावीक चाकांवर स्प्रिंगने लागणारा पार्किंग ब्रेक असतो. त्याला लावण्यासाठी नव्हे, तर सोडण्यासाठी हवा लागते. हवा गेली, तर स्प्रिंग ब्रेक लावते. हातब्रेकच्या शतकभराच्या दोषाचे हे नेमके उत्तर आहे. परंतु तेही इंजिनापुरतेच. मागच्या वाघिणींवर आजही हातचाकच आहे.

काय करता येईल?

काही उपाय महागडे आहेत, काही जवळजवळ फुकट. लाखो वाघिणींना स्वयंचलित पार्किंग ब्रेक बसविणे हे वर्षानुवर्षांचे आणि मोठ्या खर्चाचे काम आहे. तथापि नव्या वाघिणींपासून त्याची सुरुवात करता येते. उतारावरील ज्या स्थानकांत गाड्या उभ्या कराव्या लागतात, तेथे पुढच्या टोकाला गाडी अडविणारी कायमची सोय करणे त्याहून स्वस्त आहे. कोणत्या स्थानकात किती वजनाच्या गाडीला किती हातब्रेक, याचे उतारनिहाय कोष्टक तयार करणे हे तर केवळ कागद-पेन्सिलचे काम. हवा पूर्ण सोडून पकड तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियम कसोशीने पाळण्यास पैसा लागत नाही, वेळ लागतो.

आणि खरी अडचण याच वेळेची आहे. पूर्ण लांबीची मालगाडी सहाशे-सातशे मीटरची असते. खडीवरून, अंधारात, पावसात चालत जाऊन वीस वाघिणींची चाके पिळायची, चाकांखाली ठोकळे लावायचे, साखळ्यांना कुलपे घालायची, मग हवा सोडून परीक्षा घ्यायची, यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. निघताना तेच सारे उलट क्रमाने करावे लागते. पाळी संपलेला, थकलेला चालक, मार्ग मोकळा करण्याची घाई झालेला नियंत्रक आणि वक्तशीरपणाचे आकडे पाहणारा अधिकारी, या साखळीत हा पाऊण तास कोणालाच नको असतो. त्यामुळे तो वेळ आधी थोडा कापला जातो आणि पुढे पुरताच गळतो. गाडी सुटली नाही, तोवर या काटकसरीचे कौतुक होते. ज्या दिवशी ती सुटते, त्या दिवशी चौकशीचे पहिले बोट हातचाकाजवळच्या माणसाकडे वळते.

त्या माणसाची जबाबदारी नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या हाती जे साधन दिले आहे, ते बारा चाकांपैकी मोजक्याच चाकांना धरते. किती धरले, हे ते सांगत नाही. त्याला जो नियम दिला आहे, तो कदाचित या उतारासाठी लिहिलेलाच नाही. आणि जो वेळ हवा, तो त्याला वेळापत्रकाने दिलेला नाही. या तिन्ही गोष्टी चालक ठरवीत नाही. त्या ठरविणारे कार्यालयात बसतात. चौकशी अहवालात त्यांची नावे क्वचितच येतात.

ऊंची बस्सीला जी गाडी थांबली, ती लाकडाच्या ओंडक्यांनी आणि वाळूच्या गोण्यांनी. दीडशे वर्षांची रेल्वे आणि कोट्यवधींची सुरक्षायंत्रणा असलेल्या देशात शेवटचा आधार हा असावा, ही अभिमानाची गोष्ट नाही. तेथे खडी होती, म्हणून निभावले. पुढच्या वेळी वाघिणींत खडीच असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.